ध्वनिमुद्रणाला पान कुठले? वाचन, मुद्रित आवाज आणि जागा सापडवून देणारे शोध

समास (धागाकर्ता)

गेले काही महिने मी एका दीर्घ व्याख्यानमालेची ध्वनिमुद्रणे ऐकत आहे. एकेक व्याख्यान दीड ते दोन तासांचे आहे. त्यांपैकी तिसऱ्या व्याख्यानात वक्त्याने एका संकल्पनेची व्याख्या अतिशय नेमक्या शब्दांत सांगितली होती आणि ती मला उतरवून घ्यायची होती. छापील पुस्तकात असे वाक्य मी अर्ध्या मिनिटात काढले असते, कारण ते डाव्या पानावर, वरच्या अंगाला, एका आकृतीशेजारी होते एवढे तरी डोळ्यांना आठवत राहते. ध्वनिमुद्रणात धरून ठेवायला असे काहीच नव्हते. अंदाजाने पुढे जायचे, चार वाक्ये ऐकायची, आपण फार पुढे आलो की मागे राहिलो हे ठरवायचे आणि पुन्हा सरकायचे, असे करत वीस मिनिटांनी ते वाक्य हाती लागले.

त्या निमित्ताने वाचनासाठी लागलेल्या शोधांचा इतिहास मी पुन्हा चाळला. हा इतिहास बहुधा पडद्यांचा म्हणून सांगितला जातो: पडदा लहान झाला, हलका झाला, बोटाने हाताळता येऊ लागला. मला त्यात वेगळेच सूत्र दिसते, आणि ते तपासून घेण्यासाठी इथल्या जाणकारांसमोर मांडतो. मजकुरात आपली जागा ठरवता येणे, ती सोडून दुसरीकडे जाता येणे आणि पुन्हा नेमके तिथेच परतता येणे, या तीन गोष्टी ज्या शोधाने दिल्या तो वाचनासाठी मूलभूत ठरला. बाकीचे शोध सोयीचे होते.

गुंडाळीवरचा ग्रंथ दोन्ही हातांनी वाचावा लागे. एक हात वाचून झालेला भाग गुंडाळी आणि दुसरा पुढचा उलगडी. शेवटाकडचा उतारा पाहायचा तर मधला सगळा मजकूर हातांखालून जाऊ द्यावा लागे. पाने शिवून बांधलेला ग्रंथ आल्यावर मध्येच बोट घालून ठेवता येऊ लागले. तरीही हस्तलिखिताच्या दोन प्रतींत एकच वाक्य एकाच पानावर येत नसे, म्हणून तेराव्या शतकात पॅरिसमधल्या विद्वानांनी पानावर अवलंबून नसलेली जागा घडवली. बायबलच्या अध्यायांची आज रूढ असलेली विभागणी त्या काळातली असून तिचे श्रेय परंपरेने स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. पुढे ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली डॉमिनिकन साधूंनी बायबलची शब्दसूची, म्हणजे कोणता शब्द कुठे आला आहे हे सांगणारी यादी, तयार केली आणि तिच्यासाठी प्रत्येक अध्यायाचे 'ए' ते 'जी' असे सात भाग मनाशी कल्पिले. प्रत कोणाचीही असो, अक्षर लहान असो वा मोठे, अध्यायाच्या चौथ्या भागात शोधा म्हटले की शोध थोडक्यात आटोपे. श्लोकांना आणि ओव्यांना क्रमांक घालण्यामागेही हीच गरज आहे. छापील पुस्तकात पृष्ठांक दिसू लागले ते 1470 च्या सुमारास.

जागा सोडून जाण्याचा आणि परतण्याचा प्रश्न आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने 1588 मध्ये प्रसिद्ध केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात अक्षरशः लाकडात उतरवला आहे. त्याच्या ग्रंथचक्रात पाणचक्कीसारख्या मोठ्या चाकावर उघडी पुस्तके तिरक्या फळ्यांवर ठेवलेली असतात. चाक फिरवले तरी आतल्या दंतचक्रांच्या योजनेमुळे प्रत्येक फळीचा कोन कायम राहतो, म्हणून पुस्तक खाली पडत नाही आणि मिटतही नाही. वाचक खुर्चीवरून न उठता एका ग्रंथातून दुसऱ्यात जातो आणि परत आला की पहिले पुस्तक त्याच पानावर उघडे असते. इतक्या साध्या गरजेसाठी एवढी दंतचक्रे कशाला, असे कोणी म्हणेल. मला मात्र त्या चित्राविषयी फार आदर वाटतो.

यानंतर 1877 मध्ये एडिसनचा फोनोग्राफ आला. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या लेखात त्यांनी या यंत्राच्या संभाव्य उपयोगांमध्ये दृष्टिहीनांसाठी बोलती पुस्तके मोजली, आणि 10 इंच बाजूच्या चौरस धातूच्या पत्र्यावर 40,000 शब्दांचे पुस्तक मावणे शक्य आहे असा अंदाजही मांडला. मजकूर किती मावेल हा प्रश्न पुढच्या शंभर वर्षांत उत्तम रीतीने सुटला. पण मावलेल्या मजकुरात वाचक उभा कुठे आहे, हे सांगणारी खूण त्या आवाजात नव्हती. माझ्या मते फोनोग्राफने मजकुराला पुन्हा गुंडाळीच्या काळात नेले, आणि त्यानंतरचे अनेक शोध म्हणजे हरवलेले पान परत मिळवण्याचे प्रयत्न आहेत.

हे म्हणणे कुठे टिकते आणि कुठे तुटते, हे इथे वाचायला मिळावे अशी इच्छा आहे.

बिंदुवाचक

समास, विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि माझे बहुतेक सगळे वाचन कानांनी व बोटांनी झालेले आहे, म्हणून तुमच्या वीस मिनिटांच्या शोधाविषयी वाचताना मला माझी अनेक वर्षे आठवली. दोन गोष्टींत मात्र भर घालायला हवी.

पहिली गोष्ट अशी की तबकडीला पान नव्हते, पण जागा अगदीच नव्हती असे नाही. अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने 1934 च्या सुमारास बोलती पुस्तके तबकड्यांवर आणली, तेव्हा त्या मिनिटाला 33⅓ फेरे घेत आणि एका बाजूवर सुमारे 15 मिनिटांचे वाचन मावे. संगीताच्या बाजारात दीर्घकाळ वाजणारी तबकडी 1948 नंतर स्थिरावली. पुस्तके ऐकणाऱ्यांच्या हातात ती चौदा वर्षे आधीच होती, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. एका कादंबरीला डझनभर किंवा अधिक तबकड्या लागत. त्यांवर ब्रेलमध्ये क्रमांक असत आणि सुई उचलून अंदाजे मध्यावर ठेवता येई. म्हणजे 'सातव्या तबकडीची दुसरी बाजू, मध्यापासून थोडे आत' ही एक जागा होती, जी बोटांना कळत असे.

खरी गुंडाळी परत आली ती फितीबरोबर. कॅसेट 1963 मध्ये आली, ती स्वस्त, लहान आणि न तुटणारी होती, म्हणून आमच्यासाठी ती वरदान ठरली हे मान्यच करायला हवे. पण तिच्यात शिरण्याचे दार एकच होते. यावर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी काढलेला उपाय मला आजही फार हुशारीचा वाटतो. अध्याय किंवा पान बदलते त्या ठिकाणी वाचकाच्या आवाजाबरोबर अतिशय खालच्या पट्टीतला एक स्वर मुद्रित केला जाई. नेहमीच्या वेगाने ऐकताना तो जवळजवळ जाणवत नसे. फीत वेगाने पुढे पळवली की तोच स्वर वर चढून स्पष्ट 'टीप्' असा ऐकू येई. पाचवा अध्याय हवा असेल तर फीत पळवायची आणि टीप् मोजत जायचे. फितीला पाने फुटली होती, आणि ती वेगात असतानाच दिसत होती, म्हणजे ऐकू येत होती.

दुसरी गोष्ट डेझी या बोलक्या पुस्तकांसाठीच्या तांत्रिक प्रमाणाची. स्वीडनमधल्या बोलकी पुस्तके आणि ब्रेल यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हे काम सुरू झाले आणि 1996 मध्ये अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन डेझी संघ स्थापन केला. या पद्धतीत ध्वनिमुद्रणाबरोबर पुस्तकाची रचना साठवली जाते: शीर्षकांचे सहा स्तर, परिच्छेद, तळटिपा आणि छापील आवृत्तीचे पृष्ठांक. शेवटच्या दोन शब्दांकडे कृपया लक्ष द्यावे. मी विद्यार्थी असताना वर्गात शिक्षक "पान 84 उघडा" असे म्हणत, तेव्हा माझ्याकडे कॅसेट असायची आणि मी शेजाऱ्याच्या आवाजाची वाट पाहत बसायचो. अभ्यासाच्या शेवटच्या वर्षांत डेझी पुस्तक हाती आल्यावर मी 84 हा आकडा दाबला आणि सगळ्यांबरोबर पान 84 वर पोहोचलो. पाने उलटण्याचा आवाज थांबायच्या आत मी वाचायला सुरुवात केली होती. तंत्रज्ञानाने मला दिलेल्या गोष्टींमध्ये याहून मोठी गोष्ट मी सांगू शकणार नाही.

म्हणून तुमच्या सूत्राला माझा पाठिंबा आहे, पण एका दुरुस्तीसह. जागा दोन प्रकारची असते. एक माझ्यापुरती, जशी वाचनखूण. दुसरी सर्वांची, जसा पृष्ठांक. दुसरी नसेल तर वाचक एकटा पडतो.

कळसूत्र

बिंदुवाचक यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'सर्वांची जागा' हा शब्दप्रयोग मला संगणकाच्या इतिहासात थेट डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाकडे घेऊन जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एंगेलबार्ट यांचे नाव निघाले की माऊसचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. 1964 च्या सुमारास बिल इंग्लिश यांनी त्यांच्या कल्पनेवरून पहिला माऊस तयार केला, आणि 17 नोव्हेंबर 1970 रोजी मिळालेल्या पेटंटमध्ये त्या उपकरणाचे नाव 'एक्स-वाय पोझिशन इंडिकेटर' असे आहे. समास यांनी पाहावे, 'स्थानदर्शक' हेच नाव आहे. पडद्यावर बोट ठेवण्याची सोय त्याआधीही होती. आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये एमआयटीत स्केचपॅड दाखवला तो प्रकाशलेखणीवर चालत असे. पण हात पडद्याशी उचलून धरून तासन्तास काम करणे दमवणारे असते, आणि मेजावर टेकलेल्या हाताने पडद्यावरची जागा दाखवणे ही माऊसची खरी किमया होती.

तरीही 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या त्या 90 मिनिटांच्या प्रात्यक्षिकात माऊसपेक्षा महत्त्वाचे काहीतरी होते असे मला वाटते. त्यांच्या प्रणालीत लिहिलेल्या प्रत्येक विधानाला आपोआप एक क्रमांक मिळे: अध्यायाला 1, त्याच्या पोटातल्या भागाला 1ए, त्याच्या पोटातल्या परिच्छेदाला 1ए1. लेखक काहीही न करता मजकुराचा कणन् कण उल्लेखनीय बनत असे, आणि दुसऱ्या कोणालाही त्या क्रमांकावर थेट उडी घेता येई. शिवाय वाचक स्वतः ठरवू शके की मला फक्त पहिले दोन स्तर दाखव, किंवा प्रत्येक विधानाची केवळ पहिली ओळ दाखव. वाचनाची खोली कमी-जास्त करण्याची ही कळ आजच्या बहुतेक वाचनसाधनांत मला सापडत नाही, आणि याचे मला मनापासून दुःख आहे.

आजच्या वेबवर दुवा साधारणपणे संपूर्ण पानाकडे नेतो. पानाच्या आतल्या जागेला खूण असेल तर तिथेही नेता येते, पण ती खूण बहुतेक वेळा लेखकाने आधी घालून ठेवावी लागते. दुव्यांनी जोडलेल्या मजकुरासाठी हायपरटेक्स्ट हा शब्द 1965 मध्ये रूढ करणारे टेड नेल्सन यांचा आग्रह याच्या पुढचा होता: उतारा कुठेही उद्धृत झाला तरी मूळ ठिकाणाशी त्याचा धागा तुटू नये. त्यांची झानाडू ही योजना व्यवहारात रुजली नाही. तिच्या अपयशाची चर्चा पुष्कळ होते, तिच्या मागणीची कमी होते.

श्रुती

मी या चर्चेत थोडा विरोधी सूर लावू इच्छिते. आपण सगळे जण गृहीत धरत आहोत की जागा नसणे ही ध्वनिमुद्रणाची उणीव आहे. मी कथाकथन ऐकत वाढले आणि स्वतः पुस्तकांचे ध्वनिवाचन करते. माझ्या अनुभवात श्रोत्याला मध्येच उडी मारता न येणे हीच कधीकधी ऐकण्याची ताकद असते. सांगणारा जिथे थांबतो तिथे आपण थांबतो. तो कोणत्या शब्दावर रेंगाळतो, कुठे श्वास घेतो, यांतून अर्थ उमगत जातो, आणि उड्या मारणाऱ्या कानाला तो मिळत नाही. वेग दुप्पट करून ऐकणाऱ्यांना मी विराम कशासाठी घेतला होता हे कसे कळावे?

एमआयटीत बॅरी आरन्स यांनी 1993 मध्ये स्पीचस्किमर नावाचे एक साधन दाखवले होते. ध्वनिमुद्रण चाळता यावे यासाठी ते आधी बोलण्यातले विराम काढून टाकी. त्यापुढच्या पातळीवर मोठ्या विरामानंतरचाच भाग ऐकवी, आणि सर्वांत वरच्या पातळीवर आवाजाच्या चढउतारावरून वक्ता जिथे भर देतो आहे असे वाटे, तेवढेच तुकडे ऐकवी. हे काम अतिशय बुद्धिमान आहे यात शंका नाही. पण ज्या विरामांनी जागा दाखवून दिली तेच विराम पहिल्या पायरीवर टाकून द्यावे लागतात, हे मला ध्वनिवाचक म्हणून बोचते.

समास

श्रुती, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि माझी मांडणी त्यामुळे थोडी बदलते. कथा ऐकणे आणि संदर्भासाठी ऐकणे या दोन निराळ्या कृती आहेत, आणि मी दुसरीविषयी बोलत होतो हे सुरुवातीलाच म्हणायला हवे होते. मात्र तुमच्याच उदाहरणातून एक गोष्ट निघते. आरन्स यांच्या साधनाने जागा बाहेरून लादलेली नाही. वक्त्याचे थांबणे आणि त्याच्या आवाजाचा चढउतार यांतच ती आधीपासून होती, साधनाने ती ऐकली. मी वर म्हटले की आवाजात खूण नव्हती. खूण होती, ती वाचणारे यंत्र नव्हते, असे आता म्हणतो.

जुनीफीत

मी जुन्या ध्वनिमुद्रणांच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे समास यांच्या या दुरुस्तीला जोडून एक खरी घडलेली गोष्ट सांगतो.

एडिसनच्या वीस वर्षे आधी, 1857 मध्ये, एदुआर-लेओं स्कॉट द मार्तेंव्हिल या पॅरिसमधल्या माणसाने फोनोटोग्राफ नावाचे यंत्र बनवले. आवाजाने थरथरणारी एक काडी दंडगोलावर गुंडाळलेल्या, काजळी धरलेल्या कागदावर रेषा ओढत असे. ती रेषा वाजवण्याची कल्पनाच तिथे नव्हती. ती डोळ्यांनी वाचायची होती. म्हणजे मानवी आवाजाचे पहिले मुद्रण हे ऐकण्यासाठी नव्हते, वाचण्यासाठी होते. 1860 मध्ये मुद्रित केलेल्या एका फ्रेंच लोकगीताच्या तुकड्याची प्रतिमा घेऊन संशोधकांनी 2008 मध्ये संगणकाच्या साहाय्याने तिचे पुन्हा आवाजात रूपांतर केले, तेव्हा एखादी मुलगी गात आहे असे वाटले. पुढे लक्षात आले की वेग दुप्पट धरला गेला होता, आणि तो निम्मा केल्यावर पुरुषाचा सावकाश, संथ आवाज उमटला. तो बहुधा स्कॉट यांचा स्वतःचाच.

हे सगळे शक्य झाले ते एका पूरक रेषेमुळे. हाताने फिरवलेल्या दंडगोलाचा वेग कधीच एकसारखा नसतो, म्हणून स्कॉट यांनी आवाजाच्या रेषेशेजारी नादकाट्याची कंपनेही त्याच कागदावर उतरवली होती. नादकाटा ठरावीक गतीने कंप पावतो, त्यामुळे त्याची रेषा म्हणजे कागदावरची कालपट्टी झाली. दीडशे वर्षांनी संशोधकांनी त्या पट्टीवर आवाजाचा कण न् कण सरळ करून घेतला. वेग चुकला तोदेखील त्या नादकाट्याची कंपने कोणत्या एककात मोजली आहेत हे समजण्यात गल्लत झाल्यामुळे, आणि दुरुस्त झाला तो तीच पट्टी नीट वाचल्यामुळे. मजकुराशेजारच्या मोकळ्या पट्टीत जागेची नोंद करून ठेवणे याला आपण समास म्हणतो. धागाकर्त्यांनी नाव बरोबर घेतले आहे.

याच्या उलट उदाहरणही सांगायला हवे. लेझर तबकडी बाजारात आली 1978 च्या अखेरीस. तिच्या एका बाजूवर 54,000 चित्रचौकटी मावत आणि प्रत्येक चौकटीला स्वतःचा क्रमांक असे, म्हणजे समास ज्याला पान म्हणतात ते चलत्-चित्राला मिळाले. त्याचा उपयोग एमआयटीतल्या मंडळींनी अ‍ॅस्पेन या गावाच्या चलत्-नकाशासाठी केला. गाडीवरच्या कॅमेऱ्यांनी दर 10 फुटांवर एक चौकट टिपली होती, आणि बघणारा पडद्याला स्पर्श करून रस्त्यावर पुढे जाई किंवा वळण घेई. मुद्रण आधीच झालेले, तरी वाट बघणाऱ्याची. याच तंत्रावर ब्रिटनमध्ये बीबीसीने 1986 मध्ये डूम्सडे प्रकल्प पूर्ण केला. इंग्लंडमधल्या 1086 च्या मूळ 'डूम्सडे' जमीन-पाहणीला नऊशे वर्षे झाल्याचे ते निमित्त होते आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत असंख्य शाळकरी मुलांनी, त्यासाठी माहिती लिहिली व छायाचित्रे दिली. पंधरा वर्षांतच ती तबकडी वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली. 2002 मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर उभी करून ती पुन्हा उघडून दाखवली. 1086 ची चर्मपत्रे या सर्व काळात लंडनमध्ये वाचण्याजोग्या अवस्थेत होती.

प्रत्येक चौकटीला क्रमांक असूनही हे घडले, कारण क्रमांक आणि तो समजणारे यंत्र एकमेकांना बांधलेले होते. जागेचा पत्ता यंत्राच्या बाहेरही अर्थपूर्ण असला पाहिजे. लँग्टन यांचे अध्याय आठशे वर्षे टिकले, कारण ते कोणत्याही कपाटाचे, कारखान्याचे किंवा तबकडीचे नव्हते.

पानपलट

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मोठ्या नावांच्या जोडीला लहान मुलांच्या पुस्तकांचाही विचार व्हावा असे वाटते, कारण आवाज आणि पान यांची गाठ सर्वांत आधी तिथे बांधली गेली. गोष्टीच्या तबकडीबरोबर चित्रांचे पुस्तक येई आणि गोष्ट सांगणारा ठरावीक ठिकाणी घंटी वाजवून पान उलटायची सूचना देई. इथे आवाज पुढे आणि मूल मागे. 1999 मधल्या लीपपॅडने हे उलटे केले. उघडे पुस्तक एका इलेक्ट्रॉनिक पाटीवर ठेवायचे आणि मुलाने लेखणीने ज्या शब्दाला स्पर्श केला तोच शब्द पाटीने उच्चारायचा. मूल पुढे, आवाज मागे. वाचायला अडखळणाऱ्या मुलाला हा फरक केवढा मोठा वाटतो, ते मी अनेक वेळा जवळून पाहिले आहे. एकाच शब्दाला सहा वेळा स्पर्श केला तरी पुस्तक कंटाळत नाही.

याच संदर्भात आन्हेला रुइस रोब्लेस या स्पॅनिश शिक्षिकेचे नाव इथे यायलाच हवे. मुलांच्या दप्तराचे ओझे कमी व्हावे आणि शिकणे रंजक व्हावे म्हणून त्यांनी यांत्रिक पुस्तकाची रचना केली आणि 1949 मध्ये त्याचे पेटंट घेतले. एकाच पेटीत विषयानुसार बदलता येणारी मजकुराची रिळे, भिंग, अंधारात वाचण्यासाठी दिवा आणि पुढे ध्वनीही, असा त्यांचा आराखडा होता. त्यांना भांडवल मिळाले नाही आणि ते पुस्तक कधी बाजारात आले नाही. 1962 मध्ये तयार झालेला नमुना आज आ कोरुन्या येथील विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात आहे.

कळसूत्र

पानपलट यांनी लेखणीचा उल्लेख केला, म्हणून अनोतो या स्वीडिश कंपनीच्या ठिपक्यांच्या कागदाविषयी लिहितो; समास यांचे व्याख्यानही त्यात बसते. कागदावर साधारण 0.3 मिलिमीटर अंतराने अतिसूक्ष्म ठिपके छापलेले असतात आणि प्रत्येक ठिपका जाळीच्या छेदनबिंदूपासून वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे किंचित सरकवलेला असतो. सहा बाय सहा ठिपक्यांची कोणतीही खिडकी पाहिली तर ती रचना दुसरीकडे कुठेच आढळत नाही. लेखणीतल्या छोट्या कॅमेऱ्याला एवढी चौकट दिसली की आपण कोणत्या पानाच्या कोणत्या बिंदूवर आहोत हे तिला कळते. 2008 मध्ये आलेल्या लाइव्हस्क्राइबच्या लेखणीने यात ध्वनिमुद्रण मिसळले: व्याख्यान चालू असताना टिपण घ्यायचे आणि नंतर टिपणातल्या एखाद्या शब्दावर लेखणी टेकवली की तो शब्द लिहीत असताना वक्ता जे बोलत होता ते ऐकू येते. ही कल्पना मूळची तिची नाही. लिसा स्टिफेलमन यांनी एमआयटीत 1990 च्या दशकात 'ऑडिओ नोटबुक' म्हणून नेमके हेच करून दाखवले होते. श्रुती यांचा एकही विराम इथे कापावा लागत नाही. आवाज अखंड राहतो आणि त्याला पाने मिळतात ती ऐकणाऱ्याच्या हस्ताक्षरातून.

श्रुती

हे मला पटले. माझ्या वाचनाला कोणी असा समास जोडला तर मला आनंदच होईल.

बिंदुवाचक

कळसूत्र यांनी सांगितलेली लेखणी सुंदर आहे, परंतु ती डोळे आणि कागद दोन्ही गृहीत धरते, म्हणून माझ्या बाजूने थोडे पुढचे लिहितो.

स्पर्शाने छापील मजकूर वाचण्याचा एक प्रयत्न 1971 मध्ये ऑप्टाकॉन या यंत्राने केला होता. जॉन लिनव्हिल या अभियंत्याने आपल्या दृष्टिहीन मुलीसाठी त्याची कल्पना केली. एका हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून सरकवायचा आणि दुसऱ्या हाताचे बोट 144 कंप पावणाऱ्या खिळ्यांवर ठेवायचे. अक्षराचा आकार बोटाखाली थरथरत उमटे. वाचनाचा वेग कमी होता, पण वाचक स्वतः ओळीवर होता, शीर्षक मोठे आहे की तळटीप बारीक आहे हे त्याला कळत होते. 1976 मध्ये आलेले कुर्झवाइल वाचनयंत्र निरनिराळ्या ठशांतली छापील अक्षरे ओळखून मोठ्याने वाचू लागले आणि वेगाचा प्रश्न सुटला, मात्र पानाचे रूप पुन्हा आवाजात विरघळले. हे दोन्ही एकत्र मिळावे अशी आमची जुनी मागणी आहे.

ती बऱ्याच अंशी पूर्ण करणारी तरतूद आज सर्वांना खुल्या असलेल्या एका तांत्रिक प्रमाणात उपलब्ध आहे. ई-पुस्तकांसाठीच्या 2011 च्या ईपब 3 मध्ये डेझीचीच पद्धत उतरली आहे: पुस्तकाच्या मजकुरातल्या प्रत्येक वाक्याला ओळख द्यायची आणि एका वेगळ्या लहानशा फाइलमध्ये नोंदवायचे की हे वाक्य ध्वनिमुद्रणात अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत आहे. डोळस वाचकाला वाचले जाणारे वाक्य उजळलेले दिसते, मला वाक्यावाक्याने मागे-पुढे जाता येते, आणि ठिपके वर-खाली करून अक्षरे उमटवणारी ब्रेल पट्टी असेल तर तेच वाक्य बोटांखालीही येते. ध्वनीला हात लावावा लागत नाही. जुनीफीत यांच्या अटीप्रमाणे पत्ता साध्या मजकुरात लिहिलेला असतो. यंत्र बदलले तरी तो माणसाला उघडून वाचता येतो.

अडचण प्रमाणात नाही, पुस्तके तयार करण्यात आहे. वाक्य आणि आवाज यांची सांगड घालण्याचे काम आता संगणक बऱ्यापैकी करतो, पण शीर्षक कोणते, तळटीप कोणती, छापील पान कुठे संपले हे अजून माणसाला पाहावे लागते, आणि बहुसंख्य ध्वनिपुस्तके आजही केवळ अध्यायांचे लांब तुकडे म्हणून दिली जातात. समास यांनी त्यांच्या व्याख्यानमालेचे टंकलेखन केले असेल, किंवा करायची तयारी असेल, तर पहिल्या व्याख्यानाची अशी सांगड मी घालून देईन. श्रुती यांनी विरामांच्या जागी परिच्छेद कुठे पाडावेत हे ऐकून सांगितले तर ते माझ्यापेक्षा चांगले होईल.

समास

तिसऱ्या व्याख्यानाचे टंकलेखन माझ्याकडे तयार आहे. ती व्याख्या मिळाल्यावर मी पूर्णच उतरवून काढले होते. तेच आधी घेऊ या. फाइल आज रात्री पाठवतो. परिच्छेद मी पाडलेले नाहीत, ते श्रुती यांच्यासाठी मोकळे ठेवले आहेत.